जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधे मोड आलेलं धान्य

आदरणीय गुरुजन आणि माझ्या १९८० च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ऐकत आपण मोठे झालो. ती कौतुकाची की टिंगलीची, यावर मधल्या सुट्टीत किती भांडणं झाली ते आठवत असेल. माझ्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरली. परभणीतून पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो, काही वर्षं तिथे नोकरी केली आणि मग कंपनीने जर्मनीत न्युर्नबर्गला पाठवलं. दोन वर्षांसाठी गेलेला माणूस निवृत्त होऊन अजून तिथेच आहे.

स्मरणिकेसाठी ‘तुझ्या छंदाबद्दल लिही’ असा निरोप आला तेव्हा मी जरा घुटमळलो. माझा छंद घरी बीअर तयार करण्याचा आहे. त्यातही राय नावाच्या धान्याचे वेगवेगळ्या तऱ्हेने भाजलेले माल्ट वापरून. शाळेच्या स्मरणिकेत हा विषय शोभेल का, असं मनात आलं. आपल्या गुरुजनांपैकी अनेकांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही आणि आपल्यातल्या काही जणींनी तर नवऱ्याच्या दारूपायी फार सोसलं आहे. त्यांची आधीच क्षमा मागतो. पण शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. कारण हा लेख बीअरपेक्षा ज्वारीबद्दल जास्त आहे, आणि आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल आहे.

आजीचं सत्त्व

माल्ट म्हणजे काय, हे मला जर्मनीत जाऊन शिकावं लागलं नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरी ते होत असे. फक्त त्याला आपण सत्त्व म्हणायचो, नाहीतर मोडाचं पीठ. आजी ज्वारी निवडून रात्रभर भिजत घालायची. सकाळी पाणी काढून धान्य ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. दोन-तीन दिवसांत दाण्याला मोड फुटायचे. मग ते सावलीत सुकवायचं, एक ऊन दाखवायचं, तळव्यांवर चोळून मोड झाडून टाकायचे, मंद आचेवर परतायचं आणि जात्यावर दळायचं. घरात लहान मूल असलं की हे पीठ डब्यात भरलेलं असायचं.

मोड झाडल्याशिवाय आजी पुढे जायची नाही. ‘मोड बाधतो,’ इतकंच तिचं स्पष्टीकरण. शेतकऱ्यांच्या घरच्यांना यातलं शास्त्र न सांगता कळेल. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून सायनाइडचं विष तयार होतं. तेच द्रव्य मोडातही असतं. आजीला सायनाइड हा शब्द ठाऊक नव्हता, पण काय काढून टाकायचं ते नेमकं ठाऊक होतं.

दाण्याला मोड येतो तेव्हा आत काय घडतं? दाण्यातला पिठूळ भाग हा कोंबाचा शिधा असतो. कोंब जागा झाला की तो शिधा फोडून त्याची साखर करणारी विकरं दाण्यात तयार होतात. आपण दाणा वाळवून कोंबाची वाढ तिथेच थांबवतो, पण विकरं पिठात शिल्लक राहतात. म्हणून घट्ट पेजेत चमचाभर मोडाचं पीठ घातलं की पेज पातळ होते आणि गोडसर लागते. तेवढ्याच वाटीत बाळाच्या पोटात जास्त धान्य जातं. बीअर करणारा माणूसही पहिल्या पायरीवर एवढंच करतो. मोड आणून वाळवलेलं धान्य भरडतो, साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो आणि पिठाची साखर करून घेतो. ते गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, निववायचं, त्यात यीस्ट घालायचं आणि वाट बघायची. बाळाची पेज आणि बीअर यांची वाट निम्म्यापर्यंत एकच आहे.

राय म्हणजे मोहरी नव्हे

राय म्हटलं की आपल्याला फोडणी आठवते. ही राय वेगळी. गव्हाच्या नात्यातलं, जरा लांबट, करड्या-हिरवट दाण्याचं हे धान्य. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवत उगवत ते उत्तरेकडे सरकलं आणि जिथे थंडीने व हलक्या जमिनीने गव्हाला हरवलं तिथे पीक म्हणून टिकलं, असं वनस्पतिशास्त्र सांगतं. जर्मनी, पोलंड, रशिया इथल्या गरिबांची काळी भाकरी शतकानुशतकं रायचीच होती. रशियात त्या भाकरीपासून क्वास नावाचं आंबट पेय करतात, फिनलंडच्या खेड्यांत साहती नावाच्या घरगुती बीअरमध्ये रायचा माल्ट पडतो.

मी राहतो त्या बव्हेरियात मात्र बीअरमधली राय जवळजवळ नाहीशी झाली होती. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट इथे तिथल्या दोन ड्यूक बंधूंनी फर्मान काढलं की बीअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. आज ते ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून मिरवलं जातं. त्यामागे भाकरीचा हिशोब होता असं इतिहासकार सांगतात: गहू आणि राय लोकांच्या पोटासाठी राहावी, बीअरवाल्यांनी तिची किंमत वाढवू नये. राज्यकर्त्याने ठरवलं की कोणतं धान्य खायचं आणि कोणतं प्यायचं. पुढे साडेचारशेहून अधिक वर्षांनी, १९८८ साली, बव्हेरियातल्याच शिअरलिंग गावात रायची बीअर पुन्हा विकायला आली.

रायचे माल्ट किती तऱ्हेचे असतात ते सांगतो, म्हणजे माझं वेड कळेल. नुसता वाळवलेला रायचा माल्ट फिका असतो. त्याने बीअरला दाटपणा येतो आणि जिभेवर मिऱ्यासारखी हलकी चरचर राहते. दुसरा प्रकार म्हणजे ओला माल्टच गरम करून दाण्याच्या आत साखर होऊ द्यायची आणि मग भाजायचा. दाणा चावला तर काकवीची आणि खारकेची आठवण होते. तिसरा वाळल्यावर २०० अंशांच्या वर भाजलेला, जवळजवळ काळा. त्याला इथे चॉकलेट माल्ट म्हणतात, पण चॉकलेट त्यात नसतं, नुसता रंग आणि कडवट खमंगपणा. माल्ट असा न जळता काळा भाजता यावा म्हणून इंग्लंडमध्ये डॅनिअल व्हीलर याने १८१७ साली फिरत्या पिंपाच्या भट्टीचं पेटंट घेतलं. कॉफीचे दाणे भाजतात तशी ती रीत. न्युर्नबर्गजवळच्या बाम्बर्ग शहरात १८७९ पासून माल्ट करणारा वायरमान कारखाना आहे, तिथे रायचे हे सगळे प्रकार मिळतात. पहिल्यांदा तिथल्या पोत्यात हात घातला तेव्हा आमच्या मोंढ्यातल्या आडत दुकानात उभं असल्यासारखं वाटलं.

माझं प्रमाण असं. २० लिटरला साडेतीन किलो सातूचा माल्ट, एक किलो रायचा, पाव किलो काकवीच्या चवीचा राय आणि फक्त १०० ग्रॅम काळा राय. काळा जास्त झाला तर करपलेल्या भाकरीची चव येते. राय जास्त झाली तर वेगळंच संकट. सातूच्या दाण्याला टरफल असतं, ते भांड्याच्या तळाशी बसून गाळणीचं काम करतं. रायला टरफल नाही, शिवाय तिच्यात चिकट डिंकासारखे घटक भरपूर. मिश्रण गाळायला जावं तर थेंब पडत नाही. लोक त्यात भाताची किंवा ओटची टरफलं मिसळतात आणि आधी वीस मिनिटं ४५ अंशांवर थांबतात, म्हणजे चिकटपणा थोडा तुटतो.

पहिल्याच खेपेला माझं असं भांडं अडकलं होतं तेव्हा आई जर्मनीत आलेली होती. ओट्याशी येऊन तिने वास घेतला, पळीने ढवळून पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हे तर लेकरांचं सत्त्व आहे. घट्ट झालं तर मोडाचं पीठ टाक की चमचाभर.” तिचा इलाज इथे पुरता लागू पडणारा नव्हता, कारण रायचा चिकटपणा पिठाचा नसतो. पण भांड्यात काय चाललं आहे हे तिने वासावरून ओळखलं होतं. मला ते शिकायला दोन पुस्तकं लागली होती. याची बीअर होणार हे मी तिला सांगितलं नाही. नंतर कळलं की तिला माहीत होतं.

आपली जुनी सुरा

त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला. आपल्याकडे ज्वारी होती, मोड आणण्याची विद्या होती, मग ज्वारीची बीअर का नव्हती? निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि काही धागे हाती आले.

विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. वैदिक काळातल्या सौत्रामणी यज्ञासाठी सुरा करायची तर मोड आलेला भात आणि मोड आलेला सातू लागे. भाताच्या मोडाला शष्प आणि सातूच्या मोडाला तोक्म असे वेगळे शब्द होते. त्यात लाजा म्हणजे आपल्या लाह्याही पडत. मोड आलेलं धान्य आणि भाजून फुललेलं धान्य एकत्र करणं हीच आजच्या खास माल्टांची रीत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरण आहे. मद्य कुठे विकायचं, कोणाला किती द्यायचं, सगळं बांधून दिलेलं. आंबवण्याच्या मसाल्याला तिथे किण्व म्हटलं आहे. विज्ञानाच्या तासाला आपण पाठ केलेला ‘किण्वन’ हा शब्द त्याच मुळाचा. आणि त्या इतक्या कडक व्यवस्थेतही एक सूट आहे: कार्यप्रसंगी कुटुंबाने घरी श्वेतसुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावं, त्याला हरकत नाही. घरी केलेलं आणि धंद्यासाठी केलेलं यांत त्याने फरक केला होता.

ज्वारी मुळात आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि भाकरी झाली. आफ्रिकेत ती भाकरीऐवजी लापशी आणि बीअर झाली. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीच्या आणि मक्याच्या माल्टची आंबूस, दाट उम्कोम्बोती बायका घरी करतात. नायजेरियाने १९८८ मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथले मोठमोठे कारखाने ज्वारीवर बीअर करायला लागले. म्हणजे ज्वारीत काही कमी नाही.

आपल्या भागात तसं का झालं नाही, याचं मला पटलेलं उत्तर असं. धान्याला मोड आणून साखर करण्याचा खटाटोप तिथे होतो जिथे तयार साखर सहज मिळत नाही. थंड युरोपात ना ऊस, ना शिंदी, ना मोह. आपल्याकडे शिंदीच्या झाडाला मडकं बांधलं की गोड रस, मोहाच्या फुलात साखर, आणि गूळ तर घरोघर. आंबवायला धान्य कशाला दवडायचं? तेही दर काही वर्षांनी दुष्काळ पडणाऱ्या मुलखात. म्हणून मोडाची विद्या आपल्याकडे चुलीपाशी, बाळंतिणीच्या आणि लेकरांच्या खोलीत राहिली आणि मद्याची विद्या गूळ-मोहाकडे गेली.

काळी ज्वारी, काळा गूळ

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात आबकारीचं उत्पन्न शेतसाऱ्याच्या बरोबरीने मोजलं जाई. शिंदी आणि मोहाची दारू यांचे मक्ते दिले जात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदाही आपल्याकडे आला. परवान्याशिवाय दारू गाळणं तर गुन्हा ठरलंच, घरी नुसतं आंबवणंही गुन्हा ठरलं. नंतर कायदा सैल झाला. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले, सरकारमान्य दुकानं लागली. गावाच्या कडेची हातभट्टी मात्र गुन्हाच राहिली.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. नाताळमध्ये, म्हणजे गांधीजींनी जिथे वकिली केली त्या डर्बनच्या मुलखात, १९०८ च्या कायद्याने ज्वारीची बीअर विकण्याचा मक्ता नगरपालिकेकडे गेला. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ती करत होत्या त्यांच्यावर धाडी पडू लागल्या. १९५९ मध्ये तिथल्या केटो मॅनर वस्तीतल्या बायकांनी पालिकेच्या बीअरच्या गुत्त्यांवर मोर्चे नेले. हे वाचताना मला आपल्या गावाची कड आठवत होती.

दरम्यान ज्वारीचंही काही बदललं. देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, सीएसएच-१, १९६४ साली आलं, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्मसाली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळाली, तिच्या भाकरी आणि सुकडी आपण खाल्ली. त्याच वर्षी १८ मे रोजी आपल्या गावात कृषी विद्यापीठ सुरू झालं. हायब्रीडने पोती भरली, पण भाकरीला चव नाही म्हणून घरोघरी कुरकुर होती. आणि खरिपाची कणसं भरायच्या वेळी पाऊस लागला की दाणा बुरशीने काळा पडायचा. ही काळी ज्वारी माणूस खात नसे, ती जनावरांच्या खाद्याला जायची नाहीतर दारूच्या कारखान्याला. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन द्यायचं ठरवलं तेव्हा याच काळ्या ज्वारीचा दाखला दिला जाई. शेतकऱ्याला भाव मिळेल, हा एक युक्तिवाद. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. दरम्यान खरिपात सोयाबीनने ज्वारीला बाजूला सारलं ते सारलंच.

आपल्या विद्यापीठाने मात्र ज्वारी सोडली नाही. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ ही वाणं तिथलीच. २०१८ मध्ये आलेली ‘परभणी शक्ती’ लोह आणि जस्त जास्त असलेली आहे. जिला आपण गरिबाची भाकरी म्हणत होतो तिला २०२३ मध्ये जगाने भरडधान्य वर्षाचा मान दिला. रायचंही तसंच झालं. कधीकाळची गरिबांची काळी भाकरी आज जर्मनीत गव्हाच्या पावापेक्षा मानाने खाल्ली जाते.

वर्गातला एक मुलगा

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं त्याच्याकडे येतो. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

तो आठवीपर्यंत आपल्या वर्गात होता, खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर. घर गावाच्या कडेला. वडील दारूने निकामी झालेले आणि आई हातभट्टी लावून चार लेकरं पोसत होती. काळा गूळ, नवसागर, जमिनीत पुरलेले पिंप. धाड पडली की पिंप फोडले जायचे आणि आंबलेल्या गुळाचा वास दोन दिवस त्या बाजूला राहायचा. दुसऱ्या दिवशी तो शाळेत येऊन गप्प बसायचा. त्याला ‘भट्टी’ हे नाव मी ठेवलं होतं. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही सगळे ते नाव घेत होता, पण काढलं होतं मी.

एके दिवशी विज्ञानाच्या तासाला किण्वन शिकवलं जात होतं. सरांनी विचारलं, फेस का येतो, कोण सांगेल? तो उभा राहिला. वर्षातून पहिल्यांदा. त्याने सांगितलं की गोड असतं तोवर फेस येतो, गोडी संपली की फेस बसतो. थंडीत ते मंदावतं, म्हणून आई पिंपाभोवती गोधडी गुंडाळते. फार ऊन लागलं तर बिघडतं आणि आंबट होतं. सगळंच्या सगळं बरोबर होतं. पाठ्यपुस्तकात होतं त्याहून जास्त होतं. सर काही बोलायच्या आत मी मागून “भट्टी!” म्हणालो आणि वर्ग हसला. तो खाली बसला. नववीला तो आला नाही.

आज मी न्युर्नबर्गच्या घरात जानेवारीत बीअर लावतो तेव्हा भांड्याभोवती आईने शिवलेली गोधडी गुंडाळतो. फेस बसला की गोडी संपली हे ओळखतो. पाहुणे कौतुक करतात, फोटो काढतात. जर्मनीत घरी बीअर करणाऱ्याला पूर्वी वर्षाला २०० लिटरपर्यंत कर माफ होता, २०२४ पासून ५०० लिटरपर्यंत आहे. मी सुरुवात केली तेव्हा कायद्याप्रमाणे सीमाशुल्क कचेरीला पत्र लिहून कळवलं होतं. तेवढंच. माझ्या दारात कुणी आलं नाही.

हातभट्टीचा कैवार घेण्यासाठी हे लिहीत नाही. विषारी दारूने माणसं मरतात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली. आपल्या राज्यात बायकांनी मतदान करून गावोगावी बाटली आडवी केली, ती हौस म्हणून नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की आंबवण्याचं ज्ञान त्याच्या घरी आणि माझ्या घरी एकच आहे. त्याच्या आईला ते पोटासाठी वापरावं लागलं आणि तिचा गुन्हा झाला. मी भरल्या पोटी वापरलं आणि त्याचा छंद झाला. हा फरक माझ्या हुशारीने पडलेला नाही. आणि आठवीच्या त्या तासाला वर्गात सगळ्यांत जास्त रसायनशास्त्र ज्याला येत होतं, त्याला खाली बसवण्याचं काम मी केलं.

गेल्या हिवाळ्यात परभणीला आलो तेव्हा त्याचा पत्ता काढून गेलो. पूर्णेच्या बाजूला त्याची थोडी जमीन आहे. रब्बीची ज्वारी उभी होती. आई वारली. तो स्वतः थेंबभरही पीत नाही. बापाला पाहिल्यावर इच्छाच झाली नाही, म्हणाला. बायको अंगणवाडीच्या लेकरांसाठी मोडाचं पीठ करून देते. अंगणात चादरीवर मोड आलेली ज्वारी वाळत होती. मी खाली बसून दाणे चोळून मोड झाडू लागलो, तशी ती म्हणाली, “भाऊजी, तुम्हाला हे कसं काय येतं?”

मग मी सांगितलं. बीअर, राय, काळा माल्ट, सगळं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “आमच्याकडं काळा गूळ, तुझ्याकडं काळं धान्य. पोलीस येत न्हाईत?” मी म्हटलं, “नाही. मीच त्यांना पत्र लिहिलं होतं.” तो खूप हसला. ते हसणं ओसरल्यावर मी त्या टोपणनावाबद्दल बोललो. तो थोडा वेळ ज्वारीकडे बघत राहिला. “माहीत होतं मला, तूच काढलं ते,” एवढंच म्हणाला. मग बायकोला चहा ठेवायला सांगितला. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही.

निघताना त्याने परभणी शक्तीची दोन किलो ज्वारी पिशवीत घालून दिली. जर्मनीला मी ती नेली नाही. पुतणीच्या बाळासाठी तिचं सत्त्व केलं. आजीच्या पद्धतीने, मोड नीट झाडून.

संमेलनाच्या संयोजकांना माझी एक विनंती आहे. निमंत्रणाची यादी दहावीच्या निकालावरून केली आहे, असं कळलं. त्या यादीत तो नाही. आठवीत, नववीत कोणत्याही कारणाने शाळा सुटलेले आणखी बारा-पंधरा जण तरी त्या यादीत नसतील, त्यांत मुली जास्त असतील. ते आपल्याच वर्गात बसले होते. हजेरीपट जुन्या कपाटात असतील तर ते काढून पाहावेत. शोधायला लागणारी धावपळ आणि खर्च मी आनंदाने करीन.

त्याला मी येण्याबद्दल विचारलं आहे. पेरणीचं बघून सांगतो म्हणाला. तो आला, तर मित्रहो, कृपा करून त्याला त्याच्या नावाने हाक मारा.